ताण, तणाव आणि टेन्शन : एका संज्ञेची दोन टोके

अ‍ॅलन टेट ह्या अमेरिकन कवी-समीक्षकाने १९३८ मध्ये लिहिलेल्या 'टेन्शन इन पोएट्री' ह्या निबंधाचे मराठी भाषांतर करावयास घेतले, तर शीर्षकापाशीच थांबावे लागते. 'काव्यातील ताण' म्हणावे, 'काव्यातील तणाव' म्हणावे, की मूळ शब्दच देवनागरीत उतरवून मोकळे व्हावे? तिसरा मार्ग पारिभाषिक संज्ञांच्या बाबतीत एरवी निर्धोक मानला जातो. येथे मात्र तो सर्वांत धोक्याचा आहे. कारण 'टेन्शन' हा शब्द आता मराठीचा, किंबहुना बहुतेक सर्व भारतीय भाषांचा झालेला आहे, आणि तसा होताना त्याने आपला अर्थ पालटला आहे. 'काव्यातील टेन्शन' म्हटल्याबरोबर वाचकाच्या मनात परीक्षेचा निकाल, मुलीचे लग्न आणि घराचे हप्ते उभे राहतात. टेटला अभिप्रेत असलेले काहीही उभे राहत नाही.

हा प्रश्न केवळ भाषांतरकाराच्या सोयीगैरसोयीचा असता तर त्यासाठी एवढी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात ही संज्ञा आपण सर्रास वापरतो. परंपरा आणि आधुनिकता ह्यांतील तणाव, प्रमाणभाषा आणि बोली ह्यांतील तणाव, व्यक्ती आणि समाज ह्यांतील तणाव ह्या शब्दयोजना आपल्या प्रबंधांतून इतक्या वेळा येतात की त्यांचा अर्थ काय हे विचारणेही अप्रशस्त वाटावे. म्हणून हा शब्द कोठून आला, कोठे कोठे गेला आणि जाताना त्याने काय गमावले, हे एकदा पाहून घेणे इष्ट ठरेल.

लॅटिनमधील 'तेन्देरे' म्हणजे ताणणे. त्यावरून इंग्रजीत जी शब्दसंतती निर्माण झाली तिच्यात टेन्शन, इन्टेन्शन, अटेन्शन, एक्स्टेन्शन, टेन्डन आणि चक्क तंबूवाचक 'टेन्ट'ही येतो. ग्रीक 'टोनोस' हा ताणलेली दोरी आणि तिच्यातून निघणारा स्वर अशा दोन्ही अर्थांचा शब्द त्याच कुळातला. इंग्रजी 'टोन' त्याचाच वंशज. आणि संस्कृतातील 'तन्' धातू ह्या सर्वांचा सख्खा भाऊ आहे. तंतू, तंत्र, तंत्री, तान, वितान, संतान, संतती हा सारा परिवार त्या एका धातूचा. मराठीत 'तान' आणि 'ताण' हे एकाच शब्दाचे दोन अवतार शेजारी शेजारी नांदतात : तत्सम रूप गवयाच्या गळ्यात राहिले, तद्भव रूप दोरीत आणि मज्जातंतूंत शिरले. विणकराच्या मागावरील उभ्या धाग्यांना 'ताणा' आणि आडव्यांना 'बाणा' म्हणतात, तेथेही हाच धातू आहे. ह्या कुळातील सर्वांत विलक्षण शब्द मला 'आततायी' हा वाटतो. आज आपण तो अविचारी, उतावळा अशा सौम्य अर्थाने वापरतो. परंतु मुळात आततायी म्हणजे ज्याचे धनुष्य ताणलेले आहे असा, दुसऱ्याचा जीव घेण्यास उद्युक्त झालेला मनुष्य. शुक्ल यजुर्वेदातील रुद्राध्यायात हे रुद्राचे विशेषण म्हणून आले आहे.

'तणाव' ह्या शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचा हिंदी 'तनाव'शी संबंध उघड आहे. पण मराठीत तंबूच्या दोरांना 'तणावे' म्हणण्याचा प्रघात जुना आहे, आणि त्यात फारसीमार्गे आलेल्या 'तनाब' ह्या दोरवाचक अरबी शब्दाचा अंश मिसळला आहे असे मानावयास जागा आहे. हे तणावे तंबूला चारी बाजूंनी ओढतात म्हणूनच तो उभा राहतो. एक बाजू सोडली की तंबू कोसळतो. पुढील विवेचनात हे चित्र डोळ्यांसमोर असू द्यावे.

मराठीतील 'ताण' ह्या शब्दाला मुळात कोणताही दुःखद रंग नव्हता, हे वाक्प्रचारांवरून सहज दिसते. जेवण झाल्यावर मनुष्य 'ताणून देतो', म्हणजे निश्चिंत झोपी जातो! आजच्या अर्थाच्या नेमका उलट अर्थ. 'ओढाताण' ह्या शब्दात मात्र त्रास आहे. ओढाताणीचा संसार म्हणजे एका बाजूने मिळकत आणि दुसऱ्या बाजूने खर्च ह्यांच्या मध्ये सापडलेला संसार. येथे दोन ओढणारे आहेत आणि त्यांच्यामध्ये कोणीतरी आहे. फार ताणले की तुटते असे आपण म्हणतो तेव्हाही दोन्ही टोके कोणाच्या तरी हातात आहेत हे गृहीतच असते. ताण ही एकाकी वस्तूची अवस्था नव्हे. तो दोन टोकांमधला संबंध आहे.

भौतिकशास्त्राने हा अर्थ जसाच्या तसा ठेवला. दोरीतील ताण, द्रवाचा पृष्ठताण, विजेच्या खांबाला सरळ उभे ठेवणारी ताणतार ह्या सर्व ठिकाणी शब्द आपल्या जागी आहे. परंतु विजेच्याच क्षेत्रात थोडे पुढे गेले की गंमत होते. फ्रेंच आणि इंग्रजी भाषांनी विद्युत्‌विभवालाही 'टेन्शन' म्हटले. मराठीने तेथे ताणाची प्रतिमा नाकारून दाबाची स्वीकारली. म्हणून आपल्याकडील फलकांवर 'उच्चदाब वाहिनी' असते. वैद्यकातही तेच घडले : 'हायपरटेन्शन'ला आपण 'उच्च रक्तदाब' म्हणतो. ताण दोन टोकांकडून बाहेर ओढतो, दाब बाहेरून आत रेटतो; प्रतिमा परस्परविरुद्ध आहेत. शास्त्रीय व्यवहारात त्यामुळे काहीही बिघडत नाही. पण डॉक्टरांच्या तोंडून 'हायपरटेन्शन' ऐकणारा रुग्ण त्याचा अर्थ 'फार टेन्शन' असाच घेतो, आणि टेन्शन नसेल त्या दिवशी गोळी कशाला, असा तर्क करतो. हा काही आपल्याकडील अडाणीपणा नव्हे. १९८० मध्ये डॅन ब्लमहेगन ह्यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला; इंग्रजी ही ज्यांची स्वतःची भाषा, त्यांनीही त्या वैद्यकीय संज्ञेतून हाच लोकार्थ काढला होता.

ताणाकडे दोष म्हणून न पाहणाऱ्या दोन प्राचीन दृष्टांतांचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस ह्याने जगातील विरुद्ध शक्तींच्या मेळाला धनुष्य आणि लायर ह्या तंतुवाद्याची उपमा दिली. त्याच्या त्या वचनात पाठभेद आहे. पण ज्या पाठात 'उलट ताणलेला' असे विशेषण येते तो स्वीकारल्यास त्याचा आशय असा होतो की, दांडी आणि दोरी एकमेकींविरुद्ध ओढत असतात म्हणूनच ते धनुष्य आहे. दुसरा दृष्टांत पाली वाङ्मयातील सोण कोळिविस ह्या भिक्षूचा. चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करणाऱ्या ह्या श्रीमंत घरच्या तरुणाला बुद्धाने त्याच्या पूर्वाश्रमीच्या वीणेची आठवण करून दिली : तारा अति ताणलेल्या असताना ती वाजत असे काय? अति सैल असताना वाजत असे काय? ह्या कथेचा 'मध्यममार्ग' एवढाच अर्थ सांगून आपण पुढे जातो. मला त्यातील लक्षणीय गोष्ट निराळी वाटते. बुद्ध तारेतील ताण काढून टाकावयास सांगत नाही. ताण नसेल तर नादच नाही.

आता टेटकडे वळू. त्याने ही संज्ञा मानसशास्त्रातून घेतली नाही, पदार्थविज्ञानातूनही घेतली नाही. तर्कशास्त्रातील 'एक्स्टेन्शन' आणि 'इन्टेन्शन' (दुसऱ्यातील वर्णलेखन 'हेतू' ह्या अर्थाच्या शब्दाहून वेगळे) ह्या दोन संज्ञांचे उपसर्ग त्याने छाटले आणि जे उरले त्याला काव्याचे मर्म मानले. ह्या जोडीला आपण स्थूलमानाने वस्त्वर्थ आणि गुणार्थ म्हणू शकतो. शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती, आणि शब्दाभोवती जे सूचनांचे, गुणांचे वलय असते ते. चांगली कविता ह्या दोन्ही टोकांना एकाच वेळी घट्ट धरते. वस्त्वर्थावरून आपण सूचनांकडे कितीही दूर गेलो तरी मागचा दोर सुटत नाही. जॉन डनच्या एका कवितेतील उदाहरण टेटने घेतले आहे : विरहात प्रेमिकांचे आत्मे तुटत नाहीत, ठोकून पातळ केलेल्या सोन्याप्रमाणे विस्तारतात. आत्म्याला आकारमान नाही, सोन्याला आहे. तर्कदृष्ट्या विसंगती आहे. पण सोने सोनेच राहते आणि आत्मा आत्माच राहतो. कोणीही दुसऱ्यात विरघळत नाही, आणि अर्थ दोहोंच्या मध्ये उभा राहतो.

टेटचा हा उपसर्ग छाटण्याचा खेळ मराठीत उतरत नाही. 'वस्त्वर्थ' आणि 'गुणार्थ' ह्यांतून काही छाटले तर उरतो नुसता 'अर्थ'. 'विस्तार' तर 'स्तृ' धातूचा, म्हणजे परक्या कुळातला. संस्कृतात 'आतान' आणि 'वितान' ह्यांचे उपसर्ग काढून 'तान' मिळवता आले असते, पण तो शब्द संगीताने केव्हाच उचलला आहे.

अशा वेळी आपल्याकडील तौलनिक अभ्यासक एक सोपा मार्ग घेतात आणि टेटच्या संज्ञेची सांगड ध्वनिसिद्धांताशी घालतात. वस्त्वर्थ म्हणजे वाच्यार्थ, गुणार्थ म्हणजे व्यंग्यार्थ, आणि ताण म्हणजे ध्वनी. हे समीकरण मला मान्य नाही. आनंदवर्धनाच्या मते ध्वनिकाव्यात वाच्यार्थ स्वतःला गौण करून व्यंग्यार्थाला पुढे आणतो. तेथे प्राधान्य कोणाचे हे निश्चित आहे. टेटच्या कल्पनेत प्राधान्याचा निकाल लागतच नाही, आणि तो लागत नाही हेच तिचे वैशिष्ट्य आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात तिच्या सर्वांत जवळची जागा शोधावयाची असेल तर ती मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात सापडेल. तेथे गुणीभूतव्यंग्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक 'संदिग्धप्राधान्य', म्हणजे वाच्य प्रधान की व्यंग्य प्रधान हे ठरत नाही असा. आणि दुसरा 'तुल्यप्राधान्य', म्हणजे दोघांचेही प्राधान्य सारखेच असलेला. पहिला वाचून विल्यम एम्प्सनच्या १९३० च्या अनेकार्थताविषयक ग्रंथाची आठवण व्हावी, दुसरा वाचून टेटची. परंतु मम्मटाने हे दोन्ही प्रकार मध्यम काव्यात घातले आहेत! ज्याला विसाव्या शतकातील अमेरिकन समीक्षक काव्याचा कळस मानतो, त्याला अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य दुसऱ्या श्रेणीत बसवतो. एकाला अर्थाचा विसावा हवा आहे, दुसऱ्याला अर्थाचा विसावा म्हणजेच कवितेचे शैथिल्य वाटते. तौलनिक अभ्यासाचे खरे काम ह्या मतभेदापाशी सुरू होते. 'ताण म्हणजेच ध्वनी' म्हटल्याने तो झाकला जातो.

मराठी समीक्षेत ह्या कल्पनेच्या जवळ येणारा विचार मर्ढेकरांचा. 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या १९५५ च्या ग्रंथात संग्रहित झालेल्या त्यांच्या मीमांसेत लयीची तीन तत्त्वे आहेत : संवाद, विरोध आणि समतोल. विरोध आहे म्हटल्यावर ताण आलाच असे वाटेल. पण मर्ढेकरांचा विरोध शेवटी कलाकृतीच्या संघटनेत सामावतो, त्याचा हिशेब समतोलात पुरा होतो. त्यांची स्वतःची कविता मात्र इतकी हिशेबी नाही. ओवी-अभंगांच्या परिचित चालीत ते यंत्रयुगातील शहराची मरगळ आणि किळस ओततात. चाल श्रद्धेची आठवण देत राहते आणि शब्द ती नाकारत राहतात. दोन्ही टोके अखेरपर्यंत ओढलेली असतात. शास्त्रकार मर्ढेकरांपेक्षा कवी मर्ढेकर टेटला अधिक जवळचे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

टेटच्या व्यवस्थेची मर्यादा दाखवणारे उदाहरणही मराठीतच आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील कामाठीपुऱ्याच्या परिसरातील कित्येक शब्दांचा वस्त्वर्थच शिक्षित मराठी वाचकाला ठाऊक नव्हता. शब्दाची चीड कळते, वस्तू कळत नाही. टेट गृहीत धरतो की वस्त्वर्थ सर्वांचा सामाईक असतो. येथे तो सामाईक नाही, आणि तो तसा नसणे हा अपघात नसून समाजरचनेचा परिणाम आहे. ताण येथे कवितेच्या आत जितका आहे तितकाच कविता आणि तिचा वाचक ह्यांच्या मध्ये आहे. एका टोकाला वाचक स्वतः उभा आहे.

नाट्यसमीक्षेत 'तणाव' हा शब्द बहुधा उत्कंठेसाठी वापरतात. 'तणावपूर्ण प्रवेश' म्हणजे पुढे काय होणार ह्याची हुरहूर लावणारा प्रवेश. ह्या अर्थाने रहस्यप्रधान नाटक सर्वांत तणावपूर्ण म्हणावे लागेल. १९७२ च्याच डिसेंबरात रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये निराळी गोष्ट आहे : ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांचा मानवी पडदा कीर्तनाच्या ढंगात गातो, आणि त्याच पडद्याआड क्रौर्य घडते. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक झाल्यावरही हा ताण कमी होत नाही, कारण तो कथानकात नसून गाणे आणि कृती ह्यांच्यामध्ये आहे. अशा ठिकाणी मी 'ताण' हा शब्द योजतो, आणि उत्कंठेला उत्कंठाच म्हणतो.

बोलभाषेतील 'टेन्शन'ने काय केले हे पाहण्यासाठी व्याकरणाकडे वळावे लागते. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात हा विषय काढला की फळा पाहता पाहता भरतो. मराठीत टेन्शन 'येते', ताप किंवा राग येतो तसे. ते आपण 'घेतो', दुसऱ्याला 'देतो'. हिंदी आणि गुजरातीतही ते घेतले जाते. बंगालीत ते 'करतात' : टेन्शन कोरो ना. तमिळमध्ये मनुष्य स्वतःच टेन्शन 'होतो' : टेन्शन आगादे. तेलुगूत तो ते 'सोसतो', भय सोसावे तसे : टेन्शन पडकु. कन्नडमध्ये ते स्वतःसाठी 'करून घेतो' : टेन्शन माडकोबेड. आणि मल्याळममध्ये ते 'मारतो' : टेन्शन अडिक्कल्ले, ह्याच क्रियापदाने कंटाळा येणेही सांगतात. एकच परका शब्द, पण प्रत्येक भाषेने त्याला आपापल्या मनोव्यापाराच्या साच्यात बसवले आहे. काही ठिकाणी मनुष्य कर्ता, काही ठिकाणी भोक्ता. 'इंग्रजीचे आक्रमण' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ह्या क्रियापदांकडे अवश्य पाहावे.

मात्र ह्या सर्व रचनांत एक गोष्ट समान आहे. टेन्शन हा आता संबंध राहिलेला नाही, पदार्थ झाला आहे. तो एका माणसाकडे येतो, त्याच्यापाशी राहतो, जातो. दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे वाक्याला सांगावे लागत नाही. शिवाय काळजी, घोर, विवंचना, धास्ती, धाकधूक, तगमग, घालमेल ह्या शब्दांत जे सूक्ष्म भेद होते (विवंचना बहुधा पैशाची, धाकधूक निकालाची, घोर जिवाला लागलेला) ते सर्व ह्या एका शब्दाखाली सपाट झाले. तोट्याबरोबर लाभही नमूद केला पाहिजे. मनाच्या आजाराला नाव देणे जेथे लाजिरवाणे मानले जाते, तेथे हा परका शब्द आडोशाचे काम करतो. लेस्ली जो वीव्हर ह्यांनी २०१७ मध्ये उत्तर भारतातील स्त्रियांच्या 'टेन्शन'विषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात हा शब्द दुःख बोलून दाखविण्याची एक मान्य रीत म्हणूनच समोर येतो. सासरचे नाव न घेता सासरविषयी बोलण्याची सोय त्यात आहे. दुसरे टोक न सांगणे ही येथे दुर्बलाची युक्ती आहे.

वृत्तपत्री 'तणावा'त हीच युक्ती बलवानांच्या कामी येते. 'गावात तणाव', 'दोन गटांत तणाव', 'तणावपूर्ण शांतता' ही मराठी पत्रकारितेतील ठरीव पदे आहेत. 'तणाव निर्माण झाला' ह्या वाक्याला कर्ता नाही. दोन टोके सांगितली जातात, पण ती समान बळाची आहेत असे सुचवूनच. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली; विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत लोंबकळत राहिला. अशा घटनाक्रमाला 'तणाव' म्हटले की तंबूचे दोन तणावे जसे सारख्याच जोराने ओढतात तसे चित्र उभे राहते. ज्याचे घर जळाले आणि ज्याने जाळले ते दोघेही एकाच दोरीची दोन टोके ठरतात. त्या ठिकाणी प्राचीन शब्द अधिक नेमका होता : धनुष्य ज्याने ताणले तो आततायी. त्यात कर्ता आहे.

आपल्या प्रबंधांतील 'परंपरा आणि आधुनिकता ह्यांतील तणाव' ह्या शब्दयोजनेची तपासणीही ह्याच कसोटीने करता येईल. टोके कोणती, ती कोणाच्या हातात आहेत, आणि ओढ दोन्हीकडून सारखी आहे काय? त्याच १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या दया पवारांच्या 'बलुतं'विषयी लिहिताना 'गाव आणि महारवाडा ह्यांतील तणाव' असे लिहिणे सोपे असते. त्या पुस्तकात मात्र महारांच्या वाट्याला आलेली गावकीची कामे कोणती, बलुते मागताना काय ऐकावे लागे, हे एकेक करून सांगितलेले आहे.